श्रावणबाळाच्या पगारातले तीस टक्के

जानेवारी २०२१ मध्ये मी गावी होतो. ऑफिस अजून पुण्यात परतलेलं नव्हतं, त्यामुळे अहमदपूर तालुक्यातल्या आमच्या घराच्या माळवदावर खुर्ची टाकून माझं काम चालायचं, कारण रेंज तिथेच येते. तिथे बसलेलो असताना भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बातमी आली. आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या बारा कर्मचाऱ्यांच्या पगारातून लातूर जिल्हा परिषदेने तीस टक्के रक्कम कापली होती. बारांपैकी सहा शिक्षक. ठराव आदल्या नोव्हेंबरात झालेला; कापलेले पैसे थेट आई-वडिलांच्या खात्यात जमा.

ग्रुपवर हात जोडलेल्या चिन्हांचा पाऊस पडला. कुणी लिहिलं, संस्कार विसरलेल्यांना चपराक. कुणी श्रावणबाळाचं कावड घेतलेलं चित्र टाकलं. ज्या एका काकांची आई गेली सहा वर्षं दोन भावांत महिन्या-महिन्याने फिरवली जाते, त्यांनीही अंगठा दाखवला. मी खाली उतरून आप्पांना बातमी वाचून दाखवली. ते अंगणात तुरीचं बघत होते. मान वर न करता म्हणाले, "पगार कापायला आधी पगार लागतंय की."

आत आई आजीला अंघोळ घालत होती. आजी तेव्हा अंथरुणाला खिळून दीड वर्ष झालं होतं.

हा लेख म्हणजे आप्पांच्या त्या वाक्याचा विस्तार आहे. मध्ये बराच चीन येईल, त्याला इलाज नाही. ज्या विचाराला आपण 'आपले संस्कार' म्हणून मिरवतो आहोत, त्याची सरकारी आवृत्ती तिकडे आपल्याआधी निघाली आणि तिच्यातले खिळे-बिजागऱ्या तिकडे जास्त स्पष्ट दिसतात.

*

कन्फ्युशियस इसवी सन पूर्व ५५१ ते ४७९ या काळातला. त्याच्या विचारात आई-वडिलांविषयीच्या कर्तव्याला, चिनी भाषेत 'श्याओ'ला, पायाचं स्थान आहे. घरात जो नीट वागतो तो राज्यातही नीट वागेल, असा एकूण हिशोब. पुढे दोन हजार वर्षं सम्राटांनी हा हिशोब मनापासून उचलून धरला, कारण बापासमोर मान खाली घालायला शिकलेला मुलगा अधिकाऱ्यासमोरही मान खाली घालतो.

विसाव्या शतकात चीनने याच विचाराला झोडपून काढलं. १९०५ साली अभिजात ग्रंथांवर आधारलेली सरकारी परीक्षा बंद झाली. १९१९ च्या आंदोलनातल्या तरुणांना चीनच्या मागासलेपणाचं मूळ कन्फ्युशियसच्या घरबांधणीत दिसत होतं. लू शुनने लहानपणी वाचलेल्या 'चोवीस आज्ञाधारक मुलां'च्या सचित्र पुस्तकावर एक लेख लिहिला आहे. त्या पुस्तकातल्या एका कथेत ग्वो जू नावाचा गरीब माणूस आईच्या तोंडचा घास तीन वर्षांचा मुलगा खातो म्हणून मुलाला जिवंत पुरायला निघतो. खड्डा खणताना सोनं सापडतं आणि मुलगा वाचतो. छोट्या लू शुनला मात्र वेगळाच प्रश्न पडला होता. आपलं घर गरीब होत चाललंय, घरात आजी आहे, आणि उद्या आपल्या वडिलांनाही ग्वो जूसारखं आदर्श व्हावंसं वाटलं तर? सोनं दर वेळी सापडतंच असं नाही.

मग माओ. १९६६ मध्ये रेड गार्डांनी कन्फ्युशियसच्या गावी, छूफूला, जाऊन त्याच्या वंशाच्या कबरी उकरल्या. १९७३-७४ मध्ये त्याच्याविरुद्ध देशभर मोहीम चालली. आणि त्याच पक्षाच्या राजवटीत जानेवारी २०११ मध्ये बीजिंगच्या तिआनआनमेन चौकाच्या कडेला, राष्ट्रीय संग्रहालयासमोर, कन्फ्युशियसचा नऊ मीटरहून उंच पुतळा उभा राहिला. एप्रिलमध्ये तो एका रात्रीत गायब झाला, म्हणजे पक्षातही एकमत नव्हतं. पण दिशा ठरली होती. नोव्हेंबर २०१३ मध्ये शी जिनपिंग स्वतः छूफूला जाऊन आले. २०१४ मध्ये कन्फ्युशियसच्या २५६५ व्या जयंतीच्या सभेत त्यांनी भाषण केलं.

दरम्यान १ जुलै २०१३ रोजी चीनमध्ये वृद्धांविषयीचा सुधारित कायदा लागू झाला. आई-वडिलांपासून दूर राहणाऱ्या मुलांनी त्यांना 'वारंवार' भेटायला गेलं पाहिजे, अशी तरतूद त्यात आहे. त्याच दिवशी वूशी शहरातल्या न्यायालयाने एका मुलीला आदेश दिला की ७७ वर्षांच्या आईला दोन महिन्यांतून किमान एकदा भेटायचं. आदल्या वर्षी, २०१२ मध्ये, 'चोवीस आज्ञाधारक मुलां'ची नवी सरकारी यादीही निघाली होती. आई-वडिलांना फिरायला न्या, त्यांना इंटरनेट वापरायला शिकवा, वगैरे. (इंटरनेटचं मी आप्पांच्या बाबतीत पाळलं आहे. त्याचं फळ म्हणजे वरचा व्हॉट्सअॅप ग्रुप.)

आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. चीनमध्ये २००९ साली ग्रामीण वृद्धांसाठी नवी पेन्शन योजना सुरू झाली तेव्हा तिची किमान रक्कम होती महिना ५५ युआन. शहरात मोबाइलचं बिल तेवढं येत असेल. सामूहिक शेती मोडली, तिच्याबरोबर गावचा दवाखाना मोडला, १९८० पासून एकच मूल ही सक्ती आली, ते एक मूल कारखान्यात कामाला दूर गेलं. गावात राहिलेल्या म्हाताऱ्याकडे कोण बघणार, या प्रश्नाचं खर्चिक उत्तर पेन्शन आणि दवाखाना हे होतं. स्वस्त उत्तर कन्फ्युशियस हे होतं.

सिंगापूरने हे आधीच करून पाहिलं होतं. तिथल्या शाळांत १९८४ पासून 'कन्फ्युशियन नीतिशास्त्र' हा विषय शिकवला गेला. तो फारसा रुजला नाही, काही वर्षांत गुंडाळला गेला. मग १९९५ मध्ये पालकांच्या निर्वाहाचा कायदा आला, ज्याखाली आई-वडील मुलांकडून न्यायाधिकरणात पोटगी मागू शकतात. धडा शिकवून जे झालं नाही ते दाव्याने करायचं.

*

मी 'अॅनलेक्ट्स'चं डी. सी. लाऊ यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर पुणे-अहमदपूर ट्रॅव्हल्समध्ये, स्लीपरच्या वरच्या बर्थवर, मोबाइलच्या उजेडात वाचलं. माझी पदवी इंजिनिअरिंगची, नांदेडला झालेली. तत्त्वज्ञानात माझा काही अधिकार नाही. पण दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचून त्यातलं काय कुणी काढून टाकलंय हे शोधणं हा माझा रोजचा धंदा आहे. या पुस्तकातून बरंच काही काढलं गेलंय.

पहिलं म्हणजे कुत्र्या-घोड्यांचा मुद्दा. एक शिष्य विचारतो, आई-वडिलांची सेवा म्हणजे काय? कन्फ्युशियसच्या उत्तराचा आशय असा की हल्ली लोक खायला घालण्यालाच सेवा समजतात, पण कुत्र्या-घोड्यांनाही आपण खायला घालतोच. मनात आदर नसेल तर दोन्हींत फरक काय? तीस टक्के पगार खात्यात वळता करण्याबद्दल याहून नेमकी टीका मला सुचत नाही. ज्या विचाराचा आधार घेऊन कपात करायची, तोच विचार म्हणतो की कपातीने जे मिळतं ती सेवा नव्हे.

दुसरा मुद्दा मेंढीचा. एक सरदार फुशारकी मारतो की आमच्याकडे एक इतका सरळ माणूस आहे की बापाने मेंढी चोरली तर त्याने बापाविरुद्ध साक्ष दिली. कन्फ्युशियस सांगतो की आमच्याकडचा सरळपणा वेगळा आहे, तिथे बाप मुलाला पाठीशी घालतो आणि मुलगा बापाला. आजच्या कायद्याच्या नजरेने हे अडचणीचं आहे, पण त्यात एक गोष्ट पक्की आहे. बाप आणि मुलगा यांच्यामध्ये सरदाराने नाक खुपसू नये. आपल्याकडची योजना नेमकी उलटी चालते. म्हाताऱ्याने आधी लेकाविरुद्ध अर्ज करायचा, मग सरदार न्याय देणार.

तिसरं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं, कन्फ्युशियसच्या परंपरेतल्या मेन्शियसचं. हा राजांच्या तोंडावर बोलणारा माणूस. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: राजाने आधी लोकांच्या पोटापाण्याची अशी व्यवस्था लावावी की त्यांना वर आई-वडील आणि खाली बायको-पोरं सांभाळता येतील. त्यानंतर त्यांना सद्गुण शिकवावेत. पोटापाण्याचा भरवसा नसेल तर सामान्य माणसाचं मनही भरवशाचं राहत नाही, आणि तशा माणसाने गुन्हा केल्यावर त्याला शिक्षा करणं म्हणजे जाळं लावून पकडणं आहे. चांगल्या राज्याची खूण म्हणून तो काय सांगतो? सत्तरीच्या माणसाला मांस खायला मिळतं आणि पिकल्या केसांच्या माणसाला रस्त्यावर ओझं वाहावं लागत नाही.

दिवाळीच्या आसपास उसाच्या टोळ्या निघतात तेव्हा बीड-लातूरच्या रस्त्यांवर उभं राहून पाहा. ट्रॅक्टरवर कोयते, भांडी, लहान पोरं आणि त्यांच्याबरोबर पिकल्या केसांचे कितीतरी. जे जाऊ शकत नाहीत ते नातवंडं आणि शेरडं राखत चार-पाच महिने गावात. त्यांची मुलं साखर कारखान्याच्या फडात आहेत, ती 'वारंवार' भेटायला येणार नाहीत. उचल घेतलेली असते. त्यांच्यावर कुठला संस्कार करायचा राहिला आहे?

बीजिंगने मेन्शियसचा हा भाग छापला नाही असं नाही, पुस्तकं सगळी मिळतात. पण कायद्यात त्यातलं फक्त मुलाचं कर्तव्य आलं आहे. राजाचं गाळलं.

*

आता आपल्याकडे. २००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा केंद्रीय कायदा बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतो. उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणापुढे अर्ज, वकिलाची गरज नाही, निर्वाहभत्ता महिना जास्तीत जास्त १०,००० रुपये, आणि म्हाताऱ्या माणसाला कायमचं सोडून दिल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हेतू चांगला आहे, आणि खरोखर गांजलेल्या माणसाला दिवाणी न्यायालयापेक्षा हा रस्ता शंभर पटींनी बरा, हे मला मान्य आहे.

पण त्याच कायद्याचं कलम १९ वाचा. प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी किमान १५० जणांची सोय असलेला एक तरी वृद्धाश्रम राज्य सरकारने उभारावा, असं त्यात आहे. 'उभारावा' हे मी सवयीने लिहिलं. मूळ इंग्रजीत 'मे' आहे, म्हणजे 'उभारू शकेल'. मुलगा चुकला तर 'शॅल', सरकारच्या वाट्याला 'मे'. आमच्या क्षेत्रात या दोन शब्दांतला फरक न कळणाऱ्याला नोकरीवर ठेवत नाहीत.

आणि सरकार म्हाताऱ्यांना स्वतः किती देतं? महाराष्ट्रातल्या योजनेचं नावच 'श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना'. वय ६५, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत, आणि रक्कम २०२३ च्या वाढीनंतर महिना १,५००. केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेतून ८० वर्षांखालच्या माणसासाठी येतात २०० रुपये. वर्षाला २१,००० म्हणजे महिन्याला १,७५०, तेही सगळ्या घराचं. इतक्या पैशांत जगणारं कुटुंब कागदावरच सापडतं, म्हणून तहसीलच्या दारात उत्पन्नाचे दाखले तसेच तयार होतात. सगळ्यांना ठाऊक असतं, सगळे सही करतात.

हे नाव कुणी सुचवलं मला माहीत नाही, पण त्याने गोष्ट शेवटपर्यंत आठवलेली दिसत नाही. श्रावणबाळ मेला तो राजाच्या बाणाने. तहानलेल्या आंधळ्या आई-वडिलांना मग दशरथाने स्वतः पाणी नेऊन दिलं. तो निदान शरमेने गेला होता.

लातूरच्या त्या ठरावात आणखी एक गंमत आहे, तिच्याकडे तेव्हा कुणाचं लक्ष गेलं नाही. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीत आलेल्या राज्य आणि जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांना जुनी पेन्शन नाही. त्यांच्या म्हातारपणाची हमी सरकारने काढून घेतली आणि बाजाराशी बांधलेली अंशदायी योजना हातात दिली. मार्च २०२३ मध्ये त्यासाठी राज्यभर आठवडाभर संप झाला. म्हणजे जे सरकार स्वतःच्या नोकराच्या म्हातारपणातून अंग काढून घेतं, तेच त्या नोकराच्या बापाच्या म्हातारपणाचा पहारेकरी होतं. उद्या हा शिक्षक निवृत्त होईल, फंडात पुरेसं नसेल, तेव्हा तो कुणाकडे बघेल? मुलाकडे. मग मुलाच्या पगारातून तीस टक्के. ही साखळी पुढच्या पिढीकडे ढकलत राहिलं की तिजोरीतून काही जात नाही, आणि वर पुण्य मिळतं.

आसामने २०१७ मध्ये 'प्रणाम' या नावाने असाच कायदा केला, सरकारी कर्मचाऱ्यांच्या पगारातून आई-वडिलांसाठी कपात करणारा. नावाचा विचार करा. कायद्याला प्रणाम म्हटलं की विरोध करणारा आपोआप उद्धट ठरतो. १४ फेब्रुवारीला 'मातृ-पितृ पूजन दिवस' साजरा करा, ही टूम आसारामची, जो एप्रिल २०१८ मध्ये अल्पवयीन मुलीवरच्या बलात्कारात दोषी ठरून जन्मठेप भोगायला गेला. तो आत गेला, टूम बाहेर राहिली. अजूनही शाळांच्या मैदानावर मुलं रांगेत बसून आई-बापांचे पाय धुतात, फोटो निघतात. आपले पाय धुऊन घेताना कॅमेऱ्याकडे बघणाऱ्या आई-बापांचे चेहरे मी पाहिले आहेत. बहुतेकांना कधी एकदा चप्पल घालतो असं झालेलं असतं.

*

लातूरच्या बाबतीत एक गोष्ट जास्त दुखते, कारण मी त्यातून गेलो आहे. लातूर पॅटर्न. राजर्षी शाहू, दयानंद या महाविद्यालयांतून तो उभा राहिला तेव्हा मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या पोराला पुण्या-मुंबईच्या पोराच्या बरोबरीने उभं करणारी ती मोठी गोष्ट होती, आणि त्या पिढीच्या शिक्षकांनी घाम गाळला होता. मी गेलो तोपर्यंत त्याचा ट्युशन एरिया झाला होता. होर्डिंगवर चेहरे, चेहऱ्याखाली गुण. चीनच्या जुन्या परीक्षेतही खेड्यातलं सगळं कुळ एका हुशार पोरावर पैसा लावायचं. तो पास झाला तर कुळ तरलं. तेराशे वर्षं चाललेला तो खेळ १९०५ ला तिथे संपला आणि आमच्याकडे एका औद्योगिक वसाहतीच्या आसपास पुन्हा सुरू झाला.

आप्पांनी माझ्या अकरावी-बारावीसाठी दीड एकर गहाण टाकली. हे त्यांनी मला सांगितलं नाही, क्लासच्या सरांनी सांगितलं. वर्गात, सगळ्यांसमोर, माझे मार्क कमी आले तेव्हा. "बाप जमीन गहाण टाकतो आणि तू असा." त्या वाक्याने मी अभ्यास केला, हे खरं आहे. पण त्या दिवसापासून आप्पा मला फोनवर 'जेवलास का' विचारायचे तेव्हाही मला त्यात हप्त्याची आठवण ऐकू यायची. ती त्यांच्या मनात नव्हती. ती कुणीतरी माझ्या डोक्यात बसवली होती.

'संस्कार' या शब्दाचं आज जे झालंय ते हेच. ज्या समाजात शेतीला भाव नाही, म्हातारपणाला पेन्शन नाही, आजारपणाला जवळ दवाखाना नाही, तिथे मुलगा हीच विमा पॉलिसी असते. पॉलिसीवर प्रेम करणं अवघड असतं, दोन्ही बाजूंनी. आणि ही पॉलिसी मुलालाच काढतात. बहिणीच्या शिक्षणावर गहाण पडत नाही, कारण तिचा परतावा दुसऱ्याच्या घरात जाणार, असं सरळ बोललं जातं. २००७ च्या कायद्यात 'अपत्य' म्हणजे मुलगीही आहे. जबाबदारीत तिला कायद्याने बरोबरीने धरलं, गुंतवणुकीत घराने धरलं नाही. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत तिला हिस्सा आहे. आमच्याकडे लग्नानंतर तो 'हक्कसोड' करून भावाला देणं हाच अजूनही संस्कार.

*

सेवा प्रत्यक्षात कोण करतं, हे या सगळ्या थोर चर्चेत येतच नाही. श्रावणबाळाच्या गोष्टीत सून नाही. कावड खांद्यावर घेतलेला एकटा मुलगा. पुंडलिकाच्या गोष्टीतही आई-बापाचे पाय चेपणारा पुंडलिकच. आपल्या घरात मात्र पाय चेपणारे हात कुणाचे असतात हे प्रत्येकाला माहीत आहे.

आजी चार वर्षं अंथरुणावर होती. तिला नांदेडला डॉक्टर लेनमध्ये तपासायला न्यायचं असलं की जीप आप्पा ठरवायचे, पैसे मी पाठवायचो, आणि गावात आम्हा दोघांचं नाव व्हायचं. कुशीवर वळवणं, पाठीच्या जखमा धुणं, रात्री तीनला उठणं हे आईचं काम. आईची स्वतःची आई त्याच काळात उदगीरजवळ आजारी होती. आईला तिच्याकडे एकूण चार वेळा जाता आलं. तिथली सेवा मामी करत होती, आणि मामीची आई आणखी कुठेतरी. सगळ्या बायका दुसऱ्याच्या आईला अंघोळ घालत आहेत आणि सगळे पुरुष मातृभक्त आहेत, अशी ही व्यवस्था.

डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात अपत्याच्या व्याख्येत सून आणि जावई यांना घालण्याचा प्रस्ताव होता. विधेयक मंजूर न होताच बारगळलं. मंजूर झालं असतं तर आईने चार वर्षं जे केलं ते कायद्याने तिचं कर्तव्य झालं असतं, मजुरी मात्र तेव्हाही नाही. तिच्या नावावर जमीन नाही, पगार नाही, त्यामुळे तिच्याकडून कापायलाही काही नाही.

*

यावर मला जे विचारलं जातं ते मी ओळखून आहे. मग काय, पोरांनी आई-बापाला वाऱ्यावर सोडावं? ज्या बारा घरांत पैसे पोहोचले त्यांचं वाईट झालं का?

नाही झालं. त्या बारा म्हाताऱ्यांच्या खात्यात पैसे आले, ते त्यांना हवे होते, आणि पगार असूनही आई-बापाला न विचारणाऱ्या माणसाची बाजू मला घ्यायची नाही. माझं भांडण त्या कपातीला मिळालेल्या टाळ्यांशी आहे. जिल्ह्यात जिल्हा परिषदेचा पगार किती घरांत येतो? ज्यांच्या घरात येत नाही त्यांच्यासाठी त्या ग्रुपवर कुणी काही मागितलं नाही. बारा गुन्हेगार सापडल्याच्या आनंदात बाकी सगळ्या म्हाताऱ्यांचा प्रश्न सुटल्यासारखा झाला. आपल्याला खलनायक मिळाला की आपण हिशोब विचारत नाही.

अर्जाचंही तेच. आमच्या गल्लीत एक म्हातारी आहे, मुलगा छत्रपती संभाजीनगरला कंपनीत, दोन वर्षं फिरकलेला नाही. मी तिला न्यायाधिकरणाचं सांगितलं, अर्ज लिहून देतो म्हणालो. ती माझ्यावरच चिडली. "माझं लेकरू गुणाचं हाय. त्याला सुट्टी मिळंना." मी कलमं सांगत होतो आणि ती मेंढीची गोष्ट जगत होती. लेकाला पाठीशी घालण्यात तिची जी थोडी इज्जत शिल्लक आहे, ती अर्ज मागतो. तिला अर्ज न करता मिळणारं काहीतरी हवं आहे. महिन्याला जगण्यापुरती पेन्शन, जी मुलगा कसा आहे हे विचारत नाही. आठवड्यातून एकदा घरी येऊन रक्तदाब बघणारी नर्स. अंथरुणावरच्या माणसाला सांभाळणाऱ्या बाईला, मग ती सून असो की शेजारीण, रोजगार हमीइतकी तरी मजुरी. खर्च येईल, बराच येईल. तो आजही येतोच आहे, फक्त माझ्या आईच्या पाठीच्या मणक्यातून वसूल होतो आहे.

आणि पैशाची तंगी नसली की पोरं बिघडतील, आई-बापाला विसरतील, असंही म्हणतात. मला उलटा अनुभव आहे. दीड एकर सुटली त्या वर्षी, म्हणजे मी नोकरीला लागून तिसऱ्या वर्षी, मी आणि आप्पा पहिल्यांदा नीट बोललो. त्याआधी आमचं बोलणं म्हणजे व्याज, पाऊस, सोयाबीनचा भाव. हप्ता संपल्यावर कळलं की या माणसाला जुन्या हिंदी गाण्यांची आवड आहे आणि त्याला कधीतरी समुद्र बघायचा आहे. समुद्र अजून दाखवायचा राहिला आहे.

आजी २०२३ च्या उन्हाळ्यात गेली. दहाव्याला भावकी जमली होती. ज्या काकांनी त्या बातमीला अंगठा दाखवला होता, ते सगळ्यांसमोर आप्पांना म्हणाले, "तुमच्यासारखी सेवा कुणी केली नाही, दादा. श्रावणबाळच." आप्पा काही बोलले नाहीत. त्यांनी चुलीकडे बघितलं. आई तिथे शंभर माणसांच्या स्वयंपाकाला लागलेली होती, कमरेला पट्टा बांधून, आणि तिने काही ऐकलं की नाही कळलं नाही. मग आप्पाच उठले आणि तिच्याजवळची पाण्याची घागर उचलून पंगतीकडे घेऊन गेले. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "त्यांना कशाला वाकू देतोस? तू घे की." मी उठलो.